सीताबाईनं खिडकीत घातलेलं गाऱ्हाणं

सीताबाईचा आवाज म्हंजे काय सांगू तुला! पेणच्या बाजारात तिनं कुणाला हाक मारली, तर पार एसटी स्टँडावरचा माणूस मागं वळून बघायचा. तो आवाज तिला मिठागरानं दिलेला. खाडीचा वारा असा, की या बांधावरून त्या बांधावरच्या माणसाला "भरती आली रं" एवढं सांगायचं, तरी बेंबीपासून ओरडावं लागायचं. तिचा जन्म मिठागरातला, लग्नपण मिठागरातच. पायाला मिठाच्या चिरा पडलेल्या, त्या म्हातारपणापर्यंत बुजल्या नाय.

मंग मिठागर बंद पडलं. नवरा काळुराम पेणात हमालीला लागला. गणपतीच्या कारखान्यांची एक आळी हाय, तिथं दोघांनी दोन खोल्या बांधल्या. दारापुढं गटार होतं. काळुरामनं त्या गटारावर लाद्या टाकून स्वतःच्या हातानं ओटा बांधला. खाली पाणी जायला पाइप घातला तो बारीक, मोठा परवडला नाय. बायकोला म्हणाला, "काठी घालून साफ करत जा, नायतर तुंबंल." तो गेल्यावर सीताबाई ओट्याला फार जपायची. सारवायची, रांगोळी काढायची, आळीतल्या बायका दुपारी तिथंच बसायच्या. पण काठी घालायचं काय तिच्या ध्यानात राह्यलं नाय. म्हंजे राह्यलं असंल, पण कोण वाकतंय?

शेजारीच इंदुबाईचा कारखाना. कारखाना म्हंजे काय, घराची पडवी आन् मागंपुढं पत्र्याचा मांडव. इंदुबाईचा नवरा लवकर गेला, पण हात तिला देवानं दिलेला. गणपतीचे डोळे रंगवायचे, त्याला आखणी म्हणतात, ती आखणी करावी तर इंदुबाईनं. ब्रश टेकवायची तवा श्वास सोडायची नाय. सीताबाई तिच्याशेजारी बसून बडबडायची, आन् डोळ्याची वेळ आली की इंदुबाई नुसता हात वर करायची. तेवढ्या वेळापुरती सीताबाई गप. आळीतले लोक म्हणायचे, सीताबाईला गप करणारी पेणात एकच बाई हाय. अशी दोघींची मैत्री, पोरंबाळं झाल्यापासूनची.

मंग बिघडलं कशावरून? पाटावरून.

आपल्याकडं आधी आपला पाट नेऊन कारखान्यात ठेवायचा. त्याच्यावर खडूनं नाव घालतात, आन् चवथीला त्याच पाटावर आपला गणपती बसून घरी येतो. सीताबाईचा पाट दरवर्षी इंदुबाईच्या मांडवात पुढं असायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसंल असा. त्या वर्षी आषाढात ती सहज डोकावली, तर पुढं सगळे मुंबईवाल्या गिऱ्हाइकांचे मोठाले गणपती, आन् तिचा पाट पार मागं, कोपऱ्यात, भिंतीला टेकून.

ती इंदुबाईला काय बोलली नाय. एवढी बोलकी बाई, पण हे तिनं गिळलं. घरी येऊन चुलीला म्हणाली, "मोठी कारखानदारीण झाली. आता आम्ही मागचे."

त्यात पाऊस. गटार तुंबलं आन् पाणी सीताबाईच्या उंबऱ्याला लागलं. इंदुबाईच्या मांडवाचे बांबू गटारातच रोवलेले. सीताबाई म्हणाली, "इंदे, ते बांबू काढ गो, पाणी अडतंय."

"शिझन होऊ दे गो बाय. आत्ता कच्चे गणपती कुठं नेऊ?"

"तुझा शिझन बारमाही!"

"तुझ्या तोंडासारखा," इंदुबाई हसून म्हणाली. नेहमीसारखीच थट्टा, पण त्या दिवशी ती सीताबाईला झोंबली.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव सालची. तवा मुन्शिपाल्टीत कॉम्प्युटर आला. दारातच एक खिडकी केली, आत एक मुलगी बसवली, मृणाली नावाची. पाण्याचं असो, दिव्याचं असो, दुकानाच्या परवान्याचं असो, तिला सांगायचं, ती टकाटक दाबून आत घालणार. त्याच्या आधी काय होतं, ज्याला लिवता येतं त्यानं अर्ज लिवायचा. सीताबाईला सही पण येत नव्हती. ती आपली जायची, व्हरांड्यात उभी राह्यची, जो दिसंल त्याला मोठ्या आवाजात ऐकवायची. लोक तिला बसायला स्टूल द्यायचे, कधी चहा पाजायचे. तोंडी बोललेल्याचा कागद कोण करणार? ती मोकळी होऊन घरी यायची. एवढंच.

आन् दुसरी तिची जागा म्हंजे गावदेवी. चैत्रात बायका देवीपुढं गाऱ्हाणं घालतात. नारळ ठेवायचा आन् वर्षभराचं पोटातलं बोलायचं. कुणी बांध कोरला, कुणी कोंबडी मारली, कुणी काय नजर लावली, नाव घेऊन सांगायचं. पुरं नाव. अर्धं सांगितलं तर देवी दुसरीलाच धरंल ना! जिचं नाव घेतलं ती पण तिथंच मागं उभी असते, तिचं गाऱ्हाणं घालायला. मंग नारळ फुटतो, दोघी एकमेकींच्या हातावर खोबरं ठेवतात आन् घरी येतात. तिथं घेतलेल्या नावाचा राग धरायचा नाय. ते देवीकडं राह्यलं.

तर आळीचा दिवा गेला होता. आळीतल्या बायका म्हणाल्या, "सीताबाय, तुझ्याशिवाय कोण जाणार गो?" गेली ती. पदर खोचून, नेहमीसारखी व्हरांड्याकडं. शिपाई म्हणाला, "मावशी, आता इथं नाय, तिकडं खिडकीत बोला."

खिडकीत बघते तर लेकीच्या वयाची पोरगी, समोर टीव्हीसारखं पांढरं खोकं. सीताबाई म्हणाली, "हे टीव्ही बघत बसलीस कामाच्या वेळंला?"

"टीव्ही नाही हो मावशी, कॉम्प्युटर आहे. तुम्ही सांगा, मी घालते."

"मला लिवता येत नाय."

"तुम्हाला कुठं लिहायचंय? तुम्ही बोला."

बोला! असं तिला आजवर कुठल्या कचेरीत कुणी म्हणालं नव्हतं. सीताबाईनं दिव्याचं सांगितलं. कुठला खांब, कुठल्या वळणावर, सगळं. मुलीनं टकाटक दाबलं आन् मान वर करून हसून विचारलं, "अजून काही, मावशी?"

बघ, हे दोन शब्द. अजून काही. त्या पोरीनं चांगल्या मनानं विचारलं. पण सीताबाईला काय वाटलं सांगू, साक्षात देवीनंच कान दिला. आन् ती सुटली.

"बाये, तू ऐकतेस म्हणून सांगते. आमची शेजारीण. तिनं गटारावर मांडव घातलाय. बांबू गटारात, पत्रा गटारावर. पाणी तुंबून माझ्या चुलीपर्यंत येतं. मच्छर बघ, हा हात बघ, हा बघ! आन् बोललं तर वर थट्टा करते."

"नाव काय त्यांचं?"

इथं ती थांबली असती तर ही गोष्ट झाली नसती. पण नाव पुरं घ्यायची सवय. तिनं इंदुबाईचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, घर कुठल्या बाजूला, सगळं सांगितलं. ओट्याखालचा पाइप मात्र तिनं सांगितला नाय. मुलीनं विचारलं नाय, हिनं सांगितलं नाय.

मन कसं हलकं झालं तिचं. येताना तिनं जिलबी घेतली. घरी आली आन् अर्धी जिलबी सरळ इंदुबाईच्या मांडवात नेली. गाऱ्हाण्यानंतर खोबरं वाटायचं, तसंच.

इंदुबाईचे हात रंगानं भरलेले. तिनं आ केला, सीताबाईनं जिलबीचा तुकडा तिच्या तोंडात घातला.

"काय गो आज? नातू झाला का?"

"गप खा. एवढ्यातेवढ्याला निमित्त कशाला लागतं?"

थोड्याच दिवसांत आळीचा दिवा लागला. गाडी आली, माणूस शिडीवर चढला, संध्याकाळी लख्ख उजेड. बायकांनी सीताबाईला डोक्यावर घेतलं. कुणी म्हणाली, सीताबाईचा दिवा. कुणी म्हणाली, आता तिला इलेक्शनला उभी करा. सीताबाई ओट्यावर बसून सांगत होती, "लिवायला नको, वाचायला नको, ओळख नको, पाळख नको. खिडकीत जायचं, बोलायचं. ती पोरगी आत घालते आन् काम होतं!"

असं स्वतःच्या तोंडानं म्हणाली, तरी तिच्या डोक्यात उजेड पडला नाय, की दिव्याचं आत गेलं तसं दुसरंपण आत गेलंय.

ते कळलं पुढच्या आठवड्यात. मुन्शिपाल्टीचा मुकादम पोपट दोन माणसं घेऊन आला. सोबत ओव्हरसियर सायेब. सायबानं मांडवाचे बांबू बघितले, टेप लावली आन् इंदुबाईला सांगितलं, "बाई, शनिवारपर्यंत हे गटारावरनं काढा. तक्रार आली आहे. नाहीतर आम्हाला काढावं लागेल."

मांडवात गणपतीच गणपती. काही ओले, काही नुसते पांढरे, काहींचं पितांबर झालेलं, डोळे कुणालाच नाय. बाहेर धो धो पाऊस. एवढे देव न्यायचे कुठं? ओल्या मूर्तीला धक्का लागला की सोंड गळून पडते. मुंबईची गिऱ्हाइकं चवथ जवळ आली की टेंपो घेऊन दारात उभी राह्यणार. वर्षाचं पोट त्या एका महिन्यावर.

इंदुबाई म्हणाली, "पोपट, तू आळीतला. तू तरी सांग सायबाला."

पोपट खाली बघत म्हणाला, "काकी, मी हुकमाचा ताबेदार. पूर्वी मी सायबाला म्हणालो असतो बघू, करू. आता कॉम्प्युटरात चढलंय. वरचा सायेब रोज विचारतो, याचं काय केलंत."

सीताबाई तवा ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिच्या हातातलं सूप तसंच राह्यलं. 

लोक गेले. इंदुबाई थेट तिच्याकडं आली, ओट्यावर बसली. "सीते, कोण गो असंल? कुणाचं काय वाईट केलं मी?"

सीताबाईच्या तोंडातून एकच निघालं, "कुणास ठाऊक."

"तो कोपऱ्यावरचा नवा दुकानदार असंल का? परवा पाटी लावताना माझ्याशी भांडला."

आता बघ, सीताबाई "नाय" म्हणू शकली असती. ती गप राह्यली. तिच्या गप राह्यल्यानं त्या बिचाऱ्या दुकानदारावर आळ गेला. आळीतल्या बायकांनी त्याच्याकडचं मीठ-मिरची घेणं सोडलं.

मांडवाच्या पुढच्या भागातले गणपती तरी आत सरकवू या म्हणून सीताबाई मदतीला गेली. घरी बसवंना तिला. मागच्या कोपऱ्यात तिचा पाट तसाच भिंतीला टेकलेला. तो उचलायला गेली तर इंदुबाई ओरडली, "तो नको हलवू गो! तो तुझा हाय. पुढं पत्रा गळतो, मागच्या वर्षी तुझ्या पाटाचा खडू धुवून गेला, आठवतं ना? म्हणून यंदा सुक्यात ठेवलाय. अख्ख्या मांडवात ती एक जागा सुकी हाय."

सीताबाईनं पाटावरचा हात काढून घेतला, भाजल्यासारखा. खाली वाकली आन् नुसतीच रिकामी गोणपाटं गोळा करत राह्यली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदुबाई चांगलं लुगडं नेसून दारात उभी. "चल, तुझी ती खिडकी दाखव मला. तुझं ऐकतात तिथं. तू बोल माझ्या बाजूनं. मला कचेरीत बोलायला जमत नाय, माझं तोंड उघडंना."

सीताबाई म्हणाली, "माझे पाय दुखतात आज."

"रिक्षानं नेते."

"आज त्राण नाय गो अंगात."

"सीते, शनिवार चार दिवसांवर आला," इंदुबाई म्हणाली. एवढंच.

गेली मंग. रस्ताभर तिच्या मनात एकच, त्या पोरीची आज रजा असू दे. गावदेवीला तिनं मनात नारळ बोलला. पण पोरगी होती जागेवर. ओळीत दोघी उभ्या राह्यल्या. पुढं एक भाजीवाला, एक चहावाला परवान्यासाठी आलेला. सीताबाईनं पदर कपाळाच्या खाली ओढला.

"ऊन कुठं हाय आज, एवढा पदर?" इंदुबाई म्हणाली.

नंबर आला. मृणालीनं वर बघितलं आन् तिचा चेहरा फुलला. पोरीला आपल्या कामाचा अभिमान. लोकांना विचारायचं, तुमचं काम झालं का, असं तिला वरून सांगितलेलं. ती मोठ्यानं म्हणाली, "या मावशी! दिवा लागला ना? आणि तुमची दुसरी तक्रार, त्या मांडवाची? माणसं येऊन गेली ना? शनिवारपर्यंत होऊन जाईल, काळजी करू नका!"

ओळीतली माणसं होती, शिपाई होता, पण सीताबाईला काही दिसंना. कानात नुसता खाडीचा वारा. इंदुबाई तिच्या अंगाला अंग लावून उभी होती, तिचं अंग थोडं लांब सरकलं, तेवढं तिला कळलं.

पोरीला काय ठाऊक! ती इंदुबाईला म्हणाली, "तुमचं काय काकी?"

इंदुबाईनं नाव सांगितलं. तवा मृणालीच्या तोंडावरचं हसू गेलं. ती खोक्याकडं बघायला लागली, मंग सीताबाईकडं, मंग परत खोक्याकडं. "काकी," ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही मुदत मागू शकता. कारखानेवाले मागतात. गणपती होईपर्यंत. साहेब पाहणी करतील, पाणी वाहतं राहत असेल तर देतात. घालू का तुमचं?"

"घाल," इंदुबाई म्हणाली. "मला बोलायला जमत नाय म्हणून हिला आणली होती. पण घाल तू."

आन् तिनं सांगितलं आपलं आपणच. किती मूर्ती, किती ओल्या, कधी जाणार. आवाज कापत होता, पण सांगितलं सगळं.

येताना रिक्षा केली नाय. इंदुबाई पुढं, सीताबाई चार पावलं मागं. बाजारात ओळखीची बाई भेटली, म्हणाली, "काय, जोडी कुठं?" दोघी चालतच राह्यल्या. आळीच्या वळणावर त्या नव्या दिव्याच्या खांबाशी इंदुबाई थांबली. मागं न वळता विचारलं,

"जिलबी त्याच दिवशीची ना गो?"

सीताबाईनं मान हलवली. इंदुबाई पुढं बघत होती, तिला दिसली नसंल. पण कळलं तिला. ती आत गेली.

शिव्या दिल्या असत्या, झिंज्या उपटल्या असत्या, तर सीताबाईला सोसलं असतं. ती भांडणातली बाई. हे तिला कुठं ठेवावं तेच कळंना. आळीत सांजच्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक. ओट्यावर कुणी आलं नाय. तिनं पिशवीत एक लुगडं कोंबलं आन् रोह्याची एसटी धरली.

लेक शेवंती रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात दिलेली, कुंडलिका नदीचा पूल ओलांडला की घर. जावई कंपनीत शिफ्टला. लेक म्हणाली, "आये, चवथीच्या तोंडावर घर सोडून आलीस? गणपती कोण आणणार?"

"बघू."

"तुझा आवाज का असा? घसा बसलाय?"

"बसलाय."

पुलावर जाऊन नदीचं पाणी बघत बसायची ती. लेकीनं पहिल्या दिवशी काही विचारलं नाय. दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापताना म्हणाली, "आता सांग." आन् सीताबाईनं सांगितलं सगळं. दिव्याचं, खिडकीचं, जिलबीचं. शेवटी म्हणाली, "मी काय केलं गो एवढं? पाणी तर खरंच तुंबत होतं. मी खोटं नाय बोलले."

शेवंतीनं भाकरी उलटली. "आये, मी लहान होते तवा इंदूमावशीचा मांडव होता का?"

"नाय. तवा तिचा नवरा जिता होता, मुंबईला कामाला. मांडव मागनं घातला."

"तवापण पाणी यायचं घरात. बाबा काठी घालायचे ओट्याखाली. मी वाटी घेऊन पाणी काढायचे, आठवत नाय तुला?"

सीताबाईनं चुलीत लाकूड सारलं. आठवत होतं. खिडकीत उभी होती तवापण आठवत होतं, हेच तर. काळुरामचा पाइप, काळुरामची काठी. दारामागं ती काठी अजून उभी होती, तिच्यावर ती पोतेरं वाळत घालायची.

"ओटा बाबांच्या हातचा हाय गो," ती म्हणाली.

"व्हय," शेवंती म्हणाली. "मला ठाऊक हाय. भाकरी घे."

शुक्रवारची पहिली एसटी तिनं धरली. नागोठण्याला पाणी चढलेलं म्हणून गाडी थांबली, तिचा जीव वरखाली. शनिवार उद्यावर. पेणला उतरली ती घरी न जाता सरळ खिडकीवर. पिशवी पायाशी ठेवली.

मृणाली तिला बघून ओशाळली. "मावशी, माझं चुकलं हो. मी सगळ्यांसमोर..."

"तुझं काय नाय चुकलं बाये. तू ती माझी आधीची पुसून टाक."

"पुसता येत नाही मावशी. एकदा चढली की राहते. खाली नवीन घालता येते."

"मंग नवीन घाल. सीताबाई काळुराम पाटील हिच्या ओट्याखाली पाइप बारीक हाय. घाणीनं भरलाय. ती साफ करत नाय. पाणी तिच्यामुळं तुंबतं, मांडवामुळं नाय. मांडवाच्या बांबूंतून पाणी जातं, ओट्यातून जात नाय."

पोरीचे हात थांबले. "मावशी, हे तर तुमचंच नाव."

"पुरं नाव सांगितलं ना? मंग घाल."

मागं कुणीतरी हसलं. "आजी, स्वतःवरच तक्रार? कॉम्प्युटर बंद पडंल!" दुसरी वेळ असती तर सीताबाईनं त्याला बाजारापर्यंत ऐकू जाईल असं उत्तर दिलं असतं. तिनं मान खाली घातली. अशा आवाजात बोलत होती की पोरीला काचेला कान लावावा लागत होता.

"मावशी, साहेब ओटा काढायला सांगतील."

"सांगू दे. आज सांगितलं तर बरं. उद्या शनिवार हाय."

त्याच दुपारी पोपट आला, सोबत ओव्हरसियर सायेब. पोपटनं ओट्याच्या कडेला पहार लावली आन् वर बघितलं. "काकी, लावू?"

"लाव."

पहिली लादी उठली. खाली पाइपच्या तोंडाशी चिखल, चिंध्या, नारळाची शेंडी, कुणाची तरी जुनी चप्पल, आन् सीताबाईनंच टाकलेल्या राखेचा थर. बघायला आळी जमलेली. तो सगळा घाणीचा ढीग तिच्या दारात काढून ठेवला, आन् प्रत्येकाला दिसत होतं तो कुणाचा. काळुरामनं सिमेंट ओलं असताना एका लादीवर बोटानं काढलेलं स्वस्तिक होतं, तीपण तुटली. पाणी मात्र असं सुटलं, की मांडवाच्या बांबूंमधून खळखळत पार मोठ्या गटाराला. सायबानं ते बघितलं, मांडवाकडं बघितलं, म्हणाला, "ठीक आहे. विसर्जनापर्यंत राहू दे. नंतर बांबू मागे घ्या."

इंदुबाई मांडवाच्या दारात उभी होती. हातात ब्रश. ती ऐकून आत गेली. सीताबाईकडं तिनं बघितलं का नाय, कुणी सांगू शकत नाय.

सीताबाई कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडं गेली. त्याच्याकडून मीठ घेतलं. सगळ्या बायकांच्या देखत त्याला म्हणाली, "तुमच्यावर उगाच आळ आला. ती मी होते." दुकानदारानं मीठ बांधून दिलं.

चवथीच्या सकाळी सगळी आळी गणपती न्यायला लोटली. ढोल, ताशे, मोरया. सीताबाई गर्दी ओसरायची वाट बघत दाराआड बसली. तिला वाटलं, पाट रिकामा असंल. रिकामा असला तरी उचलून आणायचा, तेवढं तरी करायचं. मांडवात गेली तर सुक्या कोपऱ्यात तिचा गणपती बसलेला, वर रुमाल झाकलेला. इंदुबाई दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होती. तिनं नुसता हात केला, तो तुझा.

घरी आणून रुमाल काढला. डोळे इंदुबाईच्या हातचे, कामाला ठेवलेल्या पोरांचे नव्हेत. सीताबाई ओळखायची ना, इतकी वर्षं शेजारी बसून. ती आखणी करताना श्वास धरायची, तसा धरूनच काढलेले. तुटक्या ओट्यातून नीट वाट नव्हती, तरी लोक दर्शनाला आले, म्हणाले, काय डोळे! काय बघतोय गणपती! सीताबाईनं दोन्ही वेळच्या आरत्या पाटाकडं बघून केल्या.

पुढच्या आषाढात ती पाट धुवून, पुसून, खडूनं नाव घालून घेऊन गेली. इंदुबाईचा मांडव आता गटारापासून आत घेतलेला. ती मातीत हात घालून बसली होती. सीताबाई दारात उभी राह्यली. वर्षभर तिनं ठरवलेलं बोलणं होतं. खाडी ओलांडून जाईल असा तिचा आवाज, पण ओठांच्या बाहेर काय निघंना.

इंदुबाईनं वर बघितलं. 

"मागं ठेव," ती म्हणाली. "सुक्यात."

सीताबाईनं पाट मागं नेऊन भिंतीला टेकवला. मंग तिथंच खाली बसली, इंदुबाईच्या बाजूला पण थोडी लांब, आन् गप बसून राह्यली. त्या दिवशी इंदुबाईला हात वर करावा लागला नाय.